वरचे दात, खालचा ओठ

भाषाविज्ञानाच्या तासाला बाईंनी येताना एक छोटा आरसा आणायला सांगितलं होतं. वसतिगृहातल्या खोलीत माझ्यासोबत राहणाऱ्या मुलीकडून मी पावडरच्या डबीतला गोल आरसा मागून नेला. सांगलीच्या कॉलेजात एम.ए.चं माझं पहिलं वर्ष होतं आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात काय बोलावं हे मला कळत नसे, पण जे आणायला सांगतील ते न विसरता आणायचं, एवढं मी करत असे.

बाईंनी आधी ‘प’ म्हणायला लावला. दोन्ही ओठ मिटतात. मग ‘व’. “आता बघा, खालचा ओठ वरच्या दातांना जेमतेम टेकतो. मधून हवा जाते. याला दंतौष्ठ्य म्हणायचं.” मग ‘फोन’, ‘फी’, ‘ऑफिस’. पुस्तकात ‘फ’ दोन्ही ओठांचा दिलेला असला तरी हल्ली पुष्कळ जण तो दातांवर ओठ ठेवूनच म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. सगळा वर्ग आरशात बघून फू-फू करत होता आणि हसत होता.

माझी पाळी आली तेव्हा फळ्यावर विचार, विहीर, विळा, वीस असे शब्द होते. मी ते नीट वाचले. बाई म्हणाल्या, “फळ्याकडे बघू नकोस. दहा अन् दहा किती, हे घरी आईला कसं सांगशील?”

मी म्हणाले, “ईस.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यात चूक काहीच नाही, तिकडच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा हा ‘व’ इ-ईच्या आधी गळतो, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि ते फळ्यावर लिहूनही दाखवलं. त्या माझी बाजूच घेत होत्या. पण माझ्या कानात राहिलं ते हसणं. पुढचे कितीतरी दिवस सकाळी बेसिनवर दात घासून झाले की मी आरशात बघून वीस, विहीर, विचार म्हणत असे. ओठ दाताला टेकला की नाही ते बघत असे.

खरं तर ती जागा मला नवीन नव्हती, हे मी वर्गात सांगितलं नाही. वरचे दात आणि खालचा ओठ यांच्यामधली ती फट मला आठव्या-नवव्या वर्षापासून माहीत होती. तिथूनच आमच्या तात्यांची शीळ निघायची.

तात्या म्हणजे माझे वडील. आम्ही माण तालुक्यातले, मेंढरं राखणारे. आमच्यात मेंढरांना बकरीच म्हणतात. दिवाळी झाली की तात्या, आई, माझे धाकटे चुलते नाना, त्यांच्या घरचे आणि आणखी एक भावकीतलं कुटुंब, असे मिळून मेंढरं घेऊन माळावरून खाली बागायतीकडे उतरतात आणि पाऊस लागला की परत वर जातात. खतासाठी मेंढरं ज्याच्या रानात बसवायची त्याच्याच रानात तळ पडतो. तिन्ही घरांची मेंढरं एकाच जाळीच्या कुंपणात बसतात. त्या जाळीला वाघर म्हणतात. सकाळी वाघर उचलली की ज्याची त्याची मेंढरं वेगळी करायची आणि वेगवेगळ्या वाटांनी चरायला न्यायची.

हे काम शिळेवर होतं. नाना तोंडात दोन बोटं घालून शीळ घालतात, ती ओढ्यापलीकडे जाते. तात्यांना बोटं लागत नसत. ते खालचा ओठ वरच्या दातांखाली धरत. आधी नुसती हवा यायची, फ म्हणताना येते तशी, आणि मग त्या हवेतूनच बारीक, धारेचा आवाज वर चढायचा. दोन आखूड आणि एक लांब. फार मोठा नसायचा तो आवाज. पण त्या गर्दीतली आमची तेवढी मेंढरं माना वर करायची आणि दुसऱ्यांच्या मेंढरांमधून वाट काढत तात्यांच्या मागे यायची. लहानपणी मला त्यात विशेष काही वाटत नसे. सगळ्यांचे वडील असंच करतात असं वाटायचं.

मला भाऊ नाही. थोरली बहीण लग्न होऊन गेली. त्या वयात एकदा, आई पाण्याला गेली की तात्या मला रोज ओढ्याच्या काठी बसवून ती शीळ शिकवायला लागले होते. “व्हट आत घे. दात दाबू नगंस, नुसतं टेकीव. आता फुक.” तीन दिवस फक्त थुंकी उडाली. चौथ्या दिवशी आवाज निघाला आणि नेमकी आई घागर घेऊन वर आली. माझ्या पाठीत धपाटा बसला.

“पोरीच्या जातीनं शीळ घालायची नसती. बकरी वाट सोडत्यात. आन तुमास्नी वो कळत न्हाई?”

तात्या म्हणाले, “कुटं घातलीया तिनं? वारं सुटलंय.”

आई हसली, पण तिने ते मनावर घेतलं होतं. आमच्यात सगळेच ते मानतात. मी पुन्हा शीळ घातली नाही. पुढे शाळेसाठी मी मावशीकडे राहिले, मग वसतिगृहात आले. आमची मेंढरं एकट्या तात्यांच्या शिळेवरच राहिली.

बाईंनी आरसा आणायला सांगितला त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तात्यांच्या गालाच्या आतली जखम भरून येईना. तंबाखूची गोळी ते ज्या जागी धरायचे, तिथेच ती होती. नानांनी त्यांना मिरजेला आणलं. सांगलीहून मी गेले. तपासणीत निघू नये तेच निघालं. डॉक्टरांनी आधी गालाचं ऑपरेशन केलं आणि जखम जुळत आली तेव्हा पुढे सहा आठवडे रेडिएशन द्यायचं ठरलं. वॉर्डात त्याला सगळे ‘लाईट’ म्हणत. त्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवून या, असं सांगण्यात आलं.

अशा ठिकाणी बोलायचं काम माझंच, हे कोणी न ठरवताच ठरलं होतं. आई दवाखान्यात पदर तोंडाला लावून बसायची. नाना खिडकीवर मोठ्याने बोलायचे आणि लगेच गप्प व्हायचे. तात्यांना काही विचारलं की ते माझ्याकडे बघायचे. कागद मी वाचायची, सह्या मी करायची. मलाही त्यातलं निम्मंच कळत होतं. पण कळत नाही म्हणायची मला लाज वाटत होती.

दाताच्या विभागाबाहेर बाकावर बसलो असताना तात्या हळूच म्हणाले, “बाय, त्यास्नी येवडं इचार. मागलं समदं काडा म्हनावं. म्होरचं ऱ्हाऊ देत्यात का?”

“कशाला?”

“कशाला म्हंजी? शिळंला. व्हट कशावर टेकवू?”

“बरं.”

“इचार मातुर.”

“विचारते म्हटलं ना, तात्या.”

तेवढ्यात आत बोलावलं. डॉक्टर वयाने फार नव्हते. त्यांच्यामागे पांढरे कोट घातलेले तीन-चार विद्यार्थी उभे होते, माझ्याच वयाचे. डॉक्टरांनी तात्यांचं तोंड बॅटरीने बघितलं, त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला समजावून सांगू लागले. हिरड्या खराब आहेत. लाईट दिल्यावर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, म्हणून आधीच काढून घेतलेले बरे. मागचे सगळे काढावेच लागतील. “वरचे पुढचे त्यातल्या त्यात बरे आहेत. ठेवता येतील का ते बघता येईल, पण मग काळजी फार घ्यावी लागेल, वरचेवर दाखवायला यावं लागेल. नाहीतर एकदाच सगळे काढून मोकळं व्हायचं. नंतर कवळी बसवता येते. पुढचे ठेवायचे असं काही विशेष कारण आहे का?”

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मेंढरांना शीळ घालायला लागतात. इतकंच म्हणायचं होतं. मी त्या कोटवाल्या विद्यार्थ्यांकडे बघितलं. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे बघत होती, चांगल्या नजरेनेच बघत होती. मला तो ‘ईस’ आठवला. कॅन्सरच्या माणसाचं आपण इथे बोलतोय आणि मी शिळेचं काय सांगू, असं वाटलं.

मी म्हणाले, “नाही. विशेष काही नाही.”

‘व’ अगदी बरोबर निघाला होता. ओठ दाताला जिथे टेकायला हवा तिथेच टेकला होता. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं याचीच मला आजही जास्त लाज वाटते.

मी सही केली. बाहेर आल्यावर तात्यांनी विचारलं, “काय म्हनलं?”

“सगळेच काढावे लागतात म्हणाले.”

“म्होरचं बी?”

“हो.”

“आसं हाय व्हय.” ते जरा वेळ हनुवटी चोळत बसले. मग म्हणाले, “त्यास्नी आपल्यापरास जास्त कळतंय.”

दात काढले. जखमा भरल्यावर लाईट सुरू झाले. सहा आठवडे ते मिरजेत राहिले. सोबतीला आई होती. कॉलेज सुटलं की मी जायची. गालाची कातडी काळी पडली, लाळ आटली. तात्या आधीच कमी बोलायचे, आता तर बोलताना तोंडापुढे हात धरायचे. ‘फोन’मधला फ त्यांच्या ओठांतून नुसता वाऱ्यासारखा निघून जायचा. ‘व्हय’ म्हणताना ओठ आत जाऊन काहीतरी शोधायचा, आणि ते मिळायचं नाही.

मेंढरं तोवर नानांनी सांभाळली होती. नाना मनाचे चांगले आहेत. पण आपल्या मेंढरांसोबत दुसऱ्याची इतकी मेंढरं राखणं सोपं नसतं. दिवाळीनंतर खाली उतरायची वेळ आली तेव्हा त्यांनी तात्यांना स्पष्टच सांगितलं होतं. बकरी तुमच्या मागं आली तर तुमची तुमी राखा. न्हाई आली तर माझ्यात घालू. दोन ठिकाणी माझ्यानं पळणं होत न्हाई.

म्हणजे तात्यांचा कळप राहणार की नाही, हे त्या शिळेवर येऊन थांबलं होतं.

डिसेंबरात तळ कुंडलच्या बाजूला एका ऊस तुटलेल्या रानात होता. शनिवारी सकाळी मी लवकरच्या एसटीने गेले. पोचले तेव्हा उन्हं नुकती वर आली होती आणि वाघर उचलायची होती. कवळी मिळेपर्यंत नाना थांबले होते आणि आता तात्यांना ती मिळाली होती. ती त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवलेली असायची, जेवताना बोचते म्हणून. आता त्यांनी ती काढून पाण्याने खळबळली आणि तोंडात बसवली. एकदम वेगळेच कोणीतरी दिसायला लागले.

वाघर उचलली. नानांनी तोंडात बोटं घातली, त्यांची मेंढरं निघाली. भावकीतल्यांची निघाली. आमची तिथेच घोटाळत राहिली. तात्या नेहमीच्या जागी, बांधावर, उभे राहिले. त्यांनी ओठ आत घेतला. नुसती हवा आली. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा वरची कवळी सुटली आणि खाली सरीत पडली.

नाना ओरडले, “आवं दादा, हाका मारायच्या सोडून दात काय फेकून मारताय? बकरी भ्यायची की!”

सगळे हसले. तात्यापण हसले. त्यांनी कवळी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि म्हणाले, “तुला मारली व्हती, नेम चुकला.” पण कवळी त्यांनी परत बसवली नाही. रुमालात बांधली.

मेंढरं एकेक करून नानांच्या मेंढरांमागे जाऊ लागली होती. तेव्हा आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“येती का तुला अजून?”

“काय?”

“काय म्हनू नगंस. घाल.”

“पोरीनं घालायची नसते म्हणायचीस ना?”

“घाल म्हनती न्हवं.”

मी ओठ दातांखाली घेतला. पहिल्यांदा हवा. माझ्या मनात विहीर, विचार, वीस असं काहीतरी येत होतं आणि ते बाजूला सारायचं होतं. दुसऱ्यांदा आवाज निघाला. कच्चा होता, पण चढला. दोन आखूड, एक लांब. एका म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली. तिच्यामागे आणखी काहींनी. मी पुन्हा घातली. अर्धा कळप वळला आणि बांधाकडे यायला लागला. माझ्यापर्यंत येऊन थांबला. मेंढ्या माझ्याकडे आणि मग तात्यांकडे बघायला लागल्या. बाकीची अर्धी नानांच्या मागे निघून गेली होती.

नाना लांबून म्हणाले, “दादा, तुमचा गडी घावला की! ठिवून घ्या हितंच.”

मला वाटतं ते थट्टेतच म्हणाले. पण नंतर कोणी हसलं नाही. सोमवारी माझी अंतर्गत परीक्षा होती. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तात्यांकडे बघितलं. ते म्हणाले असते तर मी राहिले असते, असं मी आज लिहू शकते. त्या वेळी मला वाटली ती भीती होती. ते राहा म्हणतील याची भीती.

तात्यांनी त्या म्हाताऱ्या मेंढीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नानांच्या दिशेने ढकललं. “जा. जा तिकडं.” ती जाईना. त्यांनी काठी आडवी केली, तेव्हा ती गेली आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या.

“नाना,” ते म्हणाले. ओठांवर हात धरायचं ते विसरले होते. “तुज्यात घाल.”

संध्याकाळी नानांनी आमच्या मेंढरांच्या पाठीवर आपला गेरूचा पट्टा मारला. सकाळी वेगळी करायची नसल्यामुळे खूण एकच चालणार होती. तात्या एकेक मेंढरू धरून देत होते. मी रविवारी परत आले. सोमवारचा पेपर चांगला गेला.

मार्चमध्ये तपासणीसाठी मिरजेला जायचं होतं. तात्या एकटेच विट्यावरून एसटीने आले, मी त्यांना स्टँडवर भेटले. गाठ परत आलेली नाही, असं सांगितलं. दाताच्या विभागातही नंबर होता. डॉक्टर तेच होते. विद्यार्थी दुसरे होते. या वेळी त्यांनी तात्यांना बाहेर पाठवलं नाही.

“कवळी वापरता का, आजोबा?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच बोलले. “जेवताना न्हाई. पर शीळ वाजत न्हाई तिनं.”

“कसली शीळ?”

तात्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. ओठ कुठे टेकायचा, आवाज किती लांब जायचा, सगळी मेंढरं ओळखायची का, सगळं विचारलं. विद्यार्थी पुढे सरकले. त्यातल्या एकाने स्वतःचा ओठ दाताखाली घेऊन बघितला. कोणी हसलं नाही. मला जे सांगायला लाज वाटली होती ते तात्या सांगत होते आणि सगळे मन लावून ऐकत होते.

मग डॉक्टर म्हणाले, “अहो आजोबा, हे तेव्हाच सांगायचं होतं. वरचे पुढचे ठेवून बघितले असते की आपण. मी विचारलं होतं बहुतेक…” आणि ते कागद चाळायला लागले.

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी खाली बघितलं. त्यांना सगळं कळलं हे मला कळलं.

“इचारलं व्हतं जी,” तात्या डॉक्टरांना म्हणाले. “माज्याच ध्येनात न्हाई आलं तवा.”

डॉक्टरांनी कवळी थोडी घासून दिली. शिळेचं आता काही करता येणार नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. तात्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

स्टँडवर येईपर्यंत मी माफी मागायचं ठरवत होते आणि शब्द जुळवत होते. विट्याची गाडी लागली. तात्या चढले, खिडकीजवळ बसले आणि काच सरकवून खाली वाकले.

“तात्या, त्या दिवशी मी…”

“परीक्षा कवा हाय तुजी?”

“एप्रिलात.”

“आभ्यास कर.” मग म्हणाले, “उनात हुबी ऱ्हाऊ नगं. जा.”

मी गेले नाही. गाडी निघेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले. तात्या समोर बघत बसले होते. कवळी रुमालात होती. त्यांचा खालचा ओठ आत जात होता, वरच्या हिरडीला टेकत होता, आणि परत बाहेर येत होता. त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं.